फॉर्म भरलात, पण घरी सांगितलंत का?

कोकणातल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना एक खुले पत्र

प्रिय मुलामुलींनो,

ऑगस्ट आला की मला कॉलेजांची बोलावणी सुरू होतात. ३ तारखेला भारतीय अवयवदान दिन, १३ ला जागतिक अवयवदान दिन, २५ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंत नेत्रदान पंधरवडा. बाहेर पाऊस कोसळत असतो, गणपतीच्या शाळेत मूर्तींवर रंग चढत असतो, आणि तुमच्या हॉलमध्ये ओल्या छत्र्यांच्या वासात मी उभी असते. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत स्टाफ नर्स होते, म्हणून मी 'प्रमुख मार्गदर्शक'. आधी कुणीतरी दधीची ऋषींची गोष्ट सांगतं. मग मी बोलते. मग एनएसएसची मुलं फॉर्म वाटतात, तुम्ही बाकावर वाकून ते भरता आणि गठ्ठा टेबलावर ठेवून सगळ्यांचा फोटो निघतो. मला शाल मिळते. घरी आता अशा शालींचा ढीग झालाय, नातवंडं त्यांचे तंबू करतात.

मागच्या वर्षी फोटो झाल्यावर मी सहज विचारलं, "हे घरी किती जणांनी सांगितलंय? किंवा आज संध्याकाळी कोण सांगणार आहे?" भरल्या हॉलमध्ये चार हात वर आले, त्यातला एक अर्धाच. मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, घरी सांगितलं तर आई जेवायला वाढायची नाही." सगळे हसले, मीही हसले. पण परतीच्या एसटीत मला ते हसू काही गोड लागेना.

आधी माझीच चूक सांगते. माझे वडील, आप्पा, प्राथमिक शाळेत मास्तर होते. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी २००७ च्या जूनमध्ये पहाटे झोपेतच गेले. मी तेव्हा साठ-सत्तर किलोमीटरवर रात्रपाळीला होते. भाऊ मुंबईत. मिळेल त्या गाडीने तो निघाला, पण पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. तोवर आप्पा ओटीवर. उशाशी दिवा, वर पंखा गरगरतोय, येणारा-जाणारा पाया पडतोय. चौदा तास.

दहाव्याला कावळा शिवेना. व्हाळाच्या काठी पिंड ठेवून आम्ही लांब उभे, कावळे माडावर बसलेले, एकही खाली उतरेना. मग आपल्याकडे होतं तेच झालं, गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल याचा अंदाज सुरू झाला. काका हात जोडून म्हणाले, "आप्पा, कलमा आमी बघतलव, तू काळजी करू नको." आत्याने धाकट्याच्या लग्नाचं वचन दिलं. भावाने जमिनीच्या केसचं दिलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. बाराव्याच्या दिवशी सातबारा शोधायला पत्र्याची ट्रंक उघडली, तर एलआयसीच्या पावत्यांखाली नेत्रदानाचं कार्ड. त्यावर आप्पांची ठसठशीत मास्तरी सही, तारीख नऊ वर्षांपूर्वीची. आईने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "ह्येंनी माका कित्याक सांगूक नाय?"

कावळ्याचं मी काही म्हणत नाही, त्या वादात मी पडतही नाही. पण तासभर काठावर उभं राहून आम्ही ज्याचा अंदाज करत होतो, ते ट्रंकेत शाईने लिहिलेलं होतं. आणि वॉर्डातल्या कितीतरी नातेवाइकांना नेत्रदानाबद्दल विचारणारी मी, स्वतःच्या बापाला कधी विचारलं नव्हतं.

डोळे घ्यायचे तर मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. आमच्या हातात चौदा होते. आणि हे आमच्या एकट्या घराचं नाही, कोकणात मर्तिक थांबतंच. मुंबईचा मुलगा, पुण्याची मुलगी, सुरतेचा पुतण्या आल्याशिवाय तिरडी उचलली जात नाही. 'विधी खोळंबतात' ही सबब बाकी कुठे चालत असेल, आपल्याला ती शोभत नाही. चाकरमान्याची वाट बघत आपण दिवस-दिवस बसतो, त्यातली नेत्रपेढीच्या पथकाला हवी असतात पंधरा-वीस मिनिटं. घरीच येतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, किंवा पूर्ण नेत्रगोल काढतात, तपासणीसाठी थोडं रक्त घेतात आणि पापण्या मिटवून देतात. चेहरा विद्रूप होत नाही. पैसे लागत नाहीत. वय ऐंशी असो, चष्मा असो, मधुमेह असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चालतं. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग अशा काही आजारांत घेत नाहीत. पण ते ठरवायचं काम त्यांचं. आपण फोन करायचा.

हे डोळे कुणाला लागतात, तेही आपल्या गावच्या भाषेत सांगते. भातकापणीच्या दिवसांत कुसळ नाहीतर पातीचं टोक डोळ्यात जातं. चिरेखाणीवर कपची उडते. बाई दोन दिवस डोळा चोळते, कुणी सांगितलं म्हणून तूप घालते, कुणी दुकानातून विचारल्याशिवाय थेंब आणून देतं, त्यात स्टिरॉइड असलं की बुरशीला आयतंच रान मिळतं. पंधरा दिवसांनी ती आमच्याकडे यायची तेव्हा बुबुळावर पांढरा ठिपका धरलेला असायचा. त्याला आपण म्हणतो फूल पडलं. डोळ्याचं बाकी सगळं यंत्र शाबूत, फक्त पुढची काच धुरकटलेली. काचबिंदूने गेलेली नजर कॉर्निया बदलून येत नाही, कारण तिथे नसच सुकलेली असते. फूल पडलेल्या डोळ्याला मात्र कॉर्नियाच लागतो, आणि तो कारखान्यात बनत नाही.

त्वचाही देता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मांड्या-पाठीवरचा पातळ थर काढतात, रक्त वाहत नाही, आणि ती ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत टिकते. भाजलेल्या माणसाच्या उघड्या जखमेवर ती झाकण म्हणून घालतात, त्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. पनवेल-पेणकडच्या मुलांनी हे नक्की लक्षात ठेवावं. सावंतवाडीतल्या माणसाला सहा तासांत तिथलं पथक मिळणं कठीण, उगाच खोटी आशा दाखवत नाही.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मला जड जातं.

आमच्या वाडीतला एक मुलगा एसवायला होता. दशावतार बघून रात्री मोटरसायकलवरून येताना हायवेच्या खडीवर गाडी घसरली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. कोकणातलं गंभीर दुखणं बांबोळीला, कोल्हापूरला, बेळगावला नाहीतर मुंबईलाच जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आईवडिलांबरोबर मी गेले, कारण 'तुम्ही सिस्टर ना'. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की मेंदू मृत झालाय.

मुलाची आई मला आयसीयूच्या काचेपाशी घेऊन गेली. म्हणाली, "सिस्टर, छाती वरखाली होताहा मा?"

होत होती. अंग गरम होतं. मॉनिटरवर नाडी पळत होती. तिला काय आणि कसं सांगायचं? छाती हलवत होतं ते व्हेंटिलेटर. हृदयाला स्वतःची वीज असते, प्राणवायू मिळत राहिला तर मेंदू गेल्यावरही ते काही तास, कधी काही दिवस चालतं. बेशुद्ध, कोमातला माणूस परत येऊ शकतो, त्याचा मेंदू जिवंत असतो. इथे मेंदूचं देठच मेलेलं असतं. डोळ्यावर टॉर्च मारला तरी बाहुली हलत नाही, घशात नळी फिरवली तरी खोकला येत नाही, व्हेंटिलेटरचा श्वास थांबवून पाहिलं तर शरीर स्वतःहून एकही श्वास घेत नाही. चार डॉक्टर हे तपासतात, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा, आणि प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्या चौघांत नसतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने असा मृत्यू हा मृत्यूच मानला आहे. महाराष्ट्रात हा कायदा १९९५ पासून लागू आहे. हे सगळं मला पाठ होतं. त्या आईसमोर त्यातला एकही शब्द उपयोगाचा नव्हता. मी नुसता तिचा हात धरला.

मग समुपदेशक आली. चांगली मुलगी होती, घाई न करता बोलली. दोन मूत्रपिंडं, यकृत, हृदय, दोन फुप्फुसं, स्वादुपिंड, आतडं, एका माणसाकडून जास्तीत जास्त आठ जणांना जीव मिळू शकतो, वगैरे. वडील खाली बघत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "त्येचा सोताचा काय म्हणणा होता?"

कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात बाहेर उभ्या मित्रांपैकी एक पुढे आला. म्हणाला, "काका, त्याने फॉर्म भरला होता. कॉलेजात कॅम्प होता, आम्ही सगळ्यांनीच भरले."

वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. "तेका व्हया होता म्हणान भरल्यान, की सगळ्यांनी भरलो म्हणान भरल्यान?"

मित्राला उत्तर देता आलं नाही. वडील नाही म्हणाले.

त्या वडिलांना मी आजही दोष देत नाही, तुम्हीही देऊ नका. परक्या शहरात, तीन रात्री बाकड्यावर काढलेल्या माणसाने विचारलेला तो सगळ्यात रास्त प्रश्न होता. कायद्यात दोन साक्षीदारांसमोर केलेल्या तुमच्या लेखी प्रतिज्ञेला किंमत आहे. पण प्रत्यक्षात जवळचे नातेवाईक नको म्हणाले, तर आपल्याकडचं रुग्णालय पुढे जात नाही. म्हणजे शेवटची सही आईबाबांचीच. आणि त्यांना सही करायला तुमचा फॉर्म पुरत नाही, तुमचं तोंडचं वाक्य लागतं. कधीतरी, भाकरी मोडता मोडता बोललेलं. 'तो म्हणाला होता' एवढं आठवलं तरी माणसाच्या हाताला बळ येतं.

प्राचार्यांना आणि एनएसएसच्या सरांना इथेच हात जोडून सांगते, रागावू नका. फॉर्मांची संख्या अहवालात छान दिसते. पण त्या मुलाचा फॉर्मही अशाच एखाद्या अहवालात मोजला गेला असेल. यंदा फॉर्म हॉलमध्ये भरून घेऊच नका. मुलांबरोबर घरी पाठवा, साक्षीदार म्हणून आई-बाबा-आजीच्या सह्या आणायला सांगा. शंभरातले दहा परत आले तरी ते दहा खरे असतील.

घरी काय काय विचारतील ते मला माहीत आहे, कारण मला सगळं विचारून झालंय. अवयव विकतात म्हणे? विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे, २०११ च्या दुरुस्तीपासून. अवयव कुणाला जाणार हे डॉक्टर मनाने ठरवत नाहीत, प्रतीक्षा यादी आणि रक्तगट बघून समन्वय समिती ठरवते, आणि देणाऱ्या-घेणाऱ्या घरांना एकमेकांची नावं सांगत नाहीत. मग श्रीमंतांनाच मिळतात का? इथे मी सरळ नाही म्हणत नाही. मूत्रपिंड बदलायला महात्मा फुले योजनेतून मदत मिळते, पण बाकीचा खर्च आणि नंतर जन्मभराची औषधं गरिबाला झेपत नाहीत, हे खरं आहे. ती लढाई लढायला हवी. त्यासाठी अवयव जाळून टाकण्यात मात्र मला काही न्याय दिसत नाही.

आणि एक गोष्ट तुम्हाला कुणी भाषणात सांगणार नाही. डायलिसिसच्या खोलीबाहेर मी वर्षानुवर्षं बघितलंय. घरातल्या पुरुषाचं मूत्रपिंड गेलं की टेबलावर झोपते ती बायको, नाहीतर आई. देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका निम्म्याहून खूप जास्त आहेत, आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. मायेने देतात, खरंच देतात. पण 'नको' म्हणायची मोकळीक त्यांना कितपत असते, हे मला विचारू नका. मृत्यूनंतर देणारे आपल्याकडे दहा लाख लोकांमागे एकही धड निघत नाही. ते वाढले की एखाद्या वहिनीवर ही वेळ यायची नाही. मुलींनो, हे तुमच्या कामाचं आहे म्हणून सांगितलं.

आजीचं वेगळं. 'पुढच्या जन्मी आंधळी जन्मेन' असं ती म्हणेल. तिच्याशी वाद घालू नका, जिंकलात तरी हरलात. तिला फक्त विचारा आणि थांबा. आप्पांचं कार्ड सापडल्यावर आईला आम्ही काहीच सुचवलं नव्हतं. वर्षश्राद्ध झाल्यावर एके दिवशी तांदूळ निवडता निवडता ती आपणहून म्हणाली, "माजे घेवा. तेंचे रवले." २०१६ साली ती गेली तेव्हा मी दिङ्मूढ होऊन बसले होते, नर्स असून. माझी मुलगी तेव्हा टीवायला होती. फोन तिने केला. पंधरा दिवस आधीच नंबर तिने फ्रीजवर चिकटवून ठेवला होता. पथक यायला तीन तास लागले, भाऊ पोहोचायला अकरा.

म्हणून माझं तुमच्याकडे मुख्य मागणं तुमच्या डोळ्यांचं नाहीच. तुम्ही विशीत आहात, देवाच्या दयेने तुमचे डोळे अजून साठ-सत्तर वर्षं तुम्हालाच लागणार आहेत. पण वाडीत कुणी गेलं की घरातली मोठी माणसं रडत असतात, लाकडांची, भटजींची, मुंबईच्या फोनांची धावपळ असते. त्या वेळी डोकं ठिकाणावर असलेला आणि हातात मोबाइल असलेला माणूस म्हणजे तुम्हीच असता. या आठवड्यात जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात जाऊन विचारा, आमच्या गावात कुठल्या नेत्रपेढीचं पथक येतं, रात्री येतं का, नंबर काय. तो नंबर वाडीच्या ग्रुपवर टाका. सध्या तिथे गुड मॉर्निंगची फुलंच येतात.

तुम्हाला स्वतःची नोंदणी करायची असेल तर अठरा पूर्ण हवीत. केंद्र सरकारच्या नोटो या संस्थेच्या संकेतस्थळावर आधारवरून ती करता येते. अकरावी-बारावीवाल्यांनी नुसतं घरी बोलावं, तेवढंही पुष्कळ आहे. आणि ज्यांच्या खिशात लायसन्स आहे त्यांनी आठवून बघा, त्या अर्जात अपघाती मृत्यू झाल्यास अवयवदान करणार का असा प्रश्न असतो. अर्ज एजंटने भरला असेल, तर तुमच्या वतीने त्याने काय उत्तर दिलं ते तरी विचारा. देहदान ही वेगळी गोष्ट, ते मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे असतं. नेत्रदान करून देहदान करता येतं. दोन्हींची गल्लत मोठी माणसंसुद्धा करतात.

बोलायला मुहूर्त हवा असेल तर गणपती येताहेत. मुंबईकर घरी असतील, सगळं खटलं एकत्र जेवेल. सणासुदीला मरणाचं बोलतोस म्हणून ओरडा बसेल, तो खा. अगदीच धीर झाला नाही तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मखर सोडवताना बोला. तेव्हा घर तसंही जरा गप्प असतं.

तुमची,
एक निवृत्त परिचारिका
(कणकवली तालुका, जि. सिंधुदुर्ग)

ता. क. : फोन केल्यावर पथक येईपर्यंत काय करायचं ते राहिलं. पापण्या नीट मिटवा, त्यावर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा. डोकं उशीने थोडं उंच करा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला हाताशी ठेवा, सहीला दोन साक्षीदार लागतील. आणि वरचा पंखा बंद करा, वाऱ्याने बुबुळ सुकतं. उकाड्यात कुणीतरी येऊन तो पुन्हा लावेलच. तुम्ही बटणापाशी उभे राहा.